उतरायचं तेवढं राहिलंय

आमच्या शेजारच्या गुरलिंगअप्पांना सायकल चालवता येत होती. उतरता येत नव्हतं. संध्याकाळी कळंबच्या पेठेत घंटी खणखणायला लागली आणि तिच्यामागून "धरा हो, धरा" असा आवाज आला, की ओट्याओट्यावर गप्पा मारत बसलेल्या माणसांना एकाएकी घरातली कामं आठवायची. ज्याला काम आठवायला उशीर व्हायचा, त्यानं अप्पांना धरायचं.

धरायचं म्हणजे एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं अप्पा. अप्पा धान्याचे आडते होते आणि अंगानं ज्वारीच्या भरल्या पोत्याएवढे होते. पोतं निदान उतरवताना सूचना तरी देत नाही. अप्पा देत. "डावीकडून धरा. कमरेला धरा. धोतराला नगा धरू." तोवर धरणाऱ्याचं धोतर चेनमध्ये गेलेलं असे.

मी त्या वेळी तहसिलीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून. निजामाच्या राज्यात कारकुनालाही भारदस्त नाव मिळत असे, एवढाच काय तो फरक. माझं घर अप्पांच्या घराला लागून, ओट्याला ओटा भिडलेला. त्यामुळे त्यांना धरण्याचा मान गावात सर्वांत जास्त वेळा माझ्या वाट्याला आला. त्या सेवेत माझी दोन धोतरं आणि चष्म्याची एक काच कामी आली. त्याबद्दल अप्पा कधी "माफ करा" म्हणाले नाहीत. ओट्यावर टेकून, हँडलला बांधलेली छत्री सोडवत ते समाधानानं म्हणायचे, "जमतंय की, दत्तोपंत. उतरायचं तेवढं राहिलंय."

हे वाक्य मी दीड वर्ष ऐकलं.

वयाच्या पन्नाशीत माणसं काशीला जाण्याचा विचार करतात. अप्पा बार्शीला गेले आणि सायकल घेऊन आले. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळे वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. अप्पांनी सायकल बैलगाडीत आडवी झोपवली आणि ऊन लागू नये म्हणून तिच्यावर कडबा टाकला. नाक्यावरच्या अंमलदाराला हे ऊन काही पटलं नाही. त्यानं कडबा काढला, सायकल उभी केली आणि विचारलं, "चलाएगा कौन?" अप्पांनी छातीवर हात ठेवला. अंमलदारानं त्यांच्याकडे, मग सायकलीकडे पाहिलं आणि जकात घेऊन गाडी सोडली. अप्पा सांगायचे, त्या माणसानं सायकलीला सलाम केला.

शिकवायला मैनुभाई होता. पेठेच्या टोकाला त्याचं पंक्चरचं दुकान. बाजाराच्या मोकळ्या मैदानात रोज पहाटे तो सायकल मागून धरून धावायचा आणि अप्पा पुढून पडायचे. महिनाभर हे चाललं. पोट हँडलला लागायचं, तोल गेला की अप्पा डोळे मिटून घ्यायचे आणि पडल्यावर आधी विचारायचे, "सायकल बरी हाय न्हवं?" गावाला फुकटची करमणूक झाली. शाळेच्या हेडमास्तरांना मात्र त्यात बोध दिसला. हेडमास्तरांना सगळ्यात बोध दिसायचा. त्यांनी भर वर्गात सांगितलं, की जिद्द असावी तर गुरलिंगअप्पांसारखी. अडचणींवर मात करून ध्येय गाठणं यालाच म्हणतात. पोरांनी त्यातून एवढंच घेतलं, की अप्पा उताराला लागले की त्यांच्यामागे ओरडत पळायचं. आणि ध्येय काय, हे हेडमास्तरांनी विचारलं नाही. आम्हीही नाही विचारलं. पन्नाशीचा माणूस सायकल शिकतो म्हणजे डोकं फिरलं, असं आमच्याकडे सोपं उत्तर तयार होतं.

एकदा हे प्रकरण कचेरीपर्यंत गेलं. सायकलीला दिवा नाही म्हणून चौकीवरच्या जमादारानं हात वर केला आणि "ठैरो" म्हणाला. अप्पा म्हणाले, "ठैरता येत न्हाई जमादारसाब, तुमीच धरा." आणि गेले पुढे. जमादाराला तो सरकारचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी अप्पा तहसीलदारांपुढे उभे. तहसीलदार हैदराबादकडचे, फार गोड उर्दू बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "चलाते हैं, तो उतरते कैसे हैं?"

"लोक उतरवतेत, हुजूर."

तहसीलदारांना हे डोळ्यांनी बघायचं होतं. कचेरीच्या अंगणात, लिंबाच्या झाडाभोवती अप्पांची परीक्षा झाली. एक फेरी, दोन फेऱ्या, चार फेऱ्या. अप्पांच्या चेहऱ्यावर असा लाचार भाव होता, की बघ्यांतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. शेवटी तहसीलदारच पायरीवर बसले आणि म्हणाले, "पकडो भई, हमको चक्कर आ रहा है." पकडायला अर्थातच मला पाठवलं. चष्म्याची काच तीच.

निकालाची मिसल मीच लिहिली. उतरता येत नाही या कारणावरून मुलजिम सुटल्याची ती माझ्या नोकरीतली एकमेव मिसल.

आता अप्पांच्या घरचं थोडं सांगायला हवं.

अप्पांची बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, गौरा. तिला त्यांनीच वाढवलं. अप्पा दुकानातून घरी यायचे तेव्हा त्यांच्या पावलांच्या आवाजासरशी ती ओट्यावर येऊन त्यांच्या हातातली छत्री घ्यायची. अप्पा बारा महिने छत्री वापरायचे. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात पाऊस म्हणून, आणि थंडीत मला वाटतं गौरानं घ्यावी म्हणून. गौराचं लग्न झालं तीन कोसांवरच्या पिंपळवाडीत, मलप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाशी. घर चांगलं, जावई चांगला.

लग्नानंतर महिन्यानं अप्पा शिदोरी घेऊन लेकीला भेटायला गेले. व्याही मलप्पानं त्यांना बसायला घोंगडं टाकलं. काळं, जुनं, एका काठाला विरलेलं. पलीकडे कोपऱ्यात जाजमाची गुंडाळी उभी होती, ती अप्पांनी पाहिली. पेठेतल्या आडत्याला जाजम असताना घोंगडं. अप्पा उभ्या उभ्या तापले. शब्दाला शब्द लागला. शेवटी अप्पांनी गळ्यातलं लिंग हातात घेतलं आणि सगळ्या गावासमोर बोलले, "या लिंगाची आण हाय. तुमच्या गावच्या मातीला पुन्यांदा माजा पाय लागायचा न्हाई." मलप्पाही काही कमी नव्हता. तो म्हणाला, "मग पोरगी बी यायची न्हाई. मुराळी म्हून तुमी सोता याल आन याच घोंगड्यावर बसाल, तवा धाडीन."

झालं. दोघं आपापल्या शब्दाला धरून बसले आणि मधल्या मधे पोरगी अडकली.

पंचमी आली. पेठेत घरोघर लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले. अप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि दिवसभर ओट्यावर छत्रीची एक काडी दुरुस्त करत बसले. मी त्यांना म्हणालो, "जा की अप्पा. बसा घोंगड्यावर. त्याला काय काटे आहेत?" ते म्हणाले, "लिंग हातात घेऊन बोललोय, दत्तोपंत." एवढं बोलून पुन्हा काडी. दुसरी पंचमीही तशीच गेली. ती झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते बार्शीला गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कळंबमधल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्या शहाण्यांत मीही होतो.

सायकल चालायला लागल्यावर अप्पा दर बुधवारी खेड्यांकडे पिकं बघायला म्हणून जाऊ लागले. आडत्यानं पिकं बघावीत, त्यात नवल नव्हतं. वाटेत उतरावं लागलं तर काय करतात, याबद्दल आम्ही पेठेत तर्क लढवत असू. मैनुभाईला विचारलं, की तो चाकात हवा भरायला लागायचा.

लढाईचे दिवस होते. सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य घेत होतं आणि त्याच्या याद्या करत आम्ही गावोगाव हिंडत होतो. एका बुधवारी मी तहसिलीच्या तट्टावर बसून पिंपळवाडीला निघालो. गावाच्या अलीकडे ओढ्याकाठी बाभळींच्या आड बसून भाकरी खात होतो, तेवढ्यात रस्त्यावर अप्पा आले. मी सवयीनं लपलो.

बाभळीपाशी येऊन अप्पा उतरले. डाव्या पायावर भार दिला, उजवा पाय मागून फिरवला, दोन पावलं सायकलीबरोबर चालले आणि थांबले. पोस्टमनलाही इतकं सफाईनं जमत नाही. मी घास चावायचा विसरलो. अप्पांनी ओढ्यावर तोंड धुतलं, डोक्याचा रुमाल सोडून नव्यानं बांधला, कपाळाला भस्म लावलं, धोतराची धूळ झटकली. मग एका पायानं रेटा देऊन टांग टाकली आणि निघाले. गावाची शीव ओलांडली आणि ओरडायला लागले, "धरा हो, धरा. उतरता येत न्हाई."

मला काय वाटलं हे स्वच्छच सांगतो. मला संताप आला. दीड वर्ष मी या माणसाला पोत्यासारखा खाली घेत होतो. दोन धोतरं, एक काच आणि भर कचेरीतली फजिती. आता भर चावडीवर याचं सोंग उघडं पाडतो, अशा तयारीनं मी तट्टू हाणलं.

पिंपळवाडीत शिरल्याबरोबर पार लागतो आणि पाराला लागून आड. अप्पा पाराभोवती फिरत होते. धरायला कुणी उठत नव्हतं. पारावर मलप्पा बसला होता आणि त्यानं गावाला ताकीद देऊन ठेवली होती, "कुनी धरायचं न्हाई. फिरू द्या."

आडावर गौरा घागर घेऊन उभी होती. पाणी शेंदून झालं होतं, तरी उभी होती.

अप्पा तिच्यासमोरून जाताना म्हणाले, "जेवलीस का?" आणि पुढे गेले. पाराला वळसा घालून आले तेव्हा ती म्हणाली, "जेवले." पुढची फेरी. "खोकला?" पुढची फेरी. "गेला. तुमचे गुडघे?" पुढची. "जमतंय की." मग तिनं विचारलं, "भाकरी कोन करतंय?" उत्तराला एक फेरी लागली. "मीच." नंतरच्या फेरीला ती म्हणाली, "अप्पा, सावकाश." त्याच्या पुढच्या फेरीला अप्पांनी तिच्याकडे नुसतं बघून घेतलं आणि सायकल कळंबच्या रस्त्याला लागली.

तेव्हा मला कळलं. बैलगाडीनं आले असते तर दारात गाडी थांबली असती आणि कुणीतरी "उतरा" म्हणालं असतं. उतरावं तर आण मोडते, न उतरावं तर व्याह्याच्या दारात त्याचा दुसऱ्यांदा अपमान होतो. सायकलवरच्या माणसाला उतरताच येत नसेल, तर त्यात कुणाचा दोष नाही. 'धरा' म्हणून ओरडलं, तरी व्याही कुणाला धरू देणार नाही, हे अप्पा ओळखून असणार. आणि पिंपळवाडीत हे खरं वाटायचं, तर कळंबमध्ये ते रोज संध्याकाळी खरं असायला हवं. तीन कोसांवर बातमी पोचायला वेळ लागत नाही.

त्यांचं सोंग उघडं पाडायचं मी सोडून दिलं. याद्या केल्या आणि परत आलो. मैनुभाईला गाठून विचारलं तेव्हा त्यानं पंप खाली ठेवला. "उतरना तो तिसरे दिनच सीख गए थे साब. चलाना सीखने में महिना गया. बोले, मैनू, किसीकू बोलना नक्को."

त्यानंतर मी अप्पांना धरायला धावून जाऊ लागलो, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मला सगळं कळलं म्हणून माझं धोतर काही जाड झालं नव्हतं. घंटी वाजली की मी पूर्वीसारखाच घरात जात होतो.

सुगी संपल्यावर याद्यांच्या कामानं पुन्हा पिंपळवाडीला जाणं झालं. वार बुधवारच होता. तो योगायोग होता असं मी म्हणणार नाही. पारावर मलप्पाशेजारी बसलो. गौरा आडावर आली. तिला सातवा महिना लागला होता, हे कुणी सांगायला नको होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण तिला माहेरी न्यायला येणाऱ्या मुराळ्याचा पत्ता नव्हता.

 मलप्पा म्हणाला, "तुमी तर शेजारी. खरं सांगा. त्यास्नी खरंच उतरता येत न्हाई व्हय?"

मी सरकारी नोकर. खोटं बोलणं मला जड नव्हतं. पण त्या दिवशी जीभ वळेना. मी उलट त्यालाच विचारलं, "मलप्पा, घरात जाजम असताना तुम्ही त्यांना घोंगड्यावर का बसवलंत?"

मलप्पा माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायला लागला. "जाजम गावकीचं हाय. लग्नात, पंचायतीत, कोन कोन त्येच्यावर बसून गेलंय. घोंगडं माज्या बापाचं. आमचे गुरू जंगमस्वामी आले की तेवढं त्यास्नी टाकतो. दुसऱ्या कुनाला आजवर टाकलं न्हाई. पयल्यांदा व्याह्याला टाकलं."

"आणि हे तुम्ही अप्पांना सांगितलं नाही?"

"सांगायचं कशाला? व्याह्यानं वळखाय नगं?"

मी कपाळाला हात लावला. अडीच वर्षं एक बाप तेवढं ओळखलं नाही म्हणून आणि दुसरा बाप तेवढं सांगितलं नाही म्हणून अडून बसला होता, आणि दोघेही स्वतःला मानी समजत होते. मी मलप्पाला हे जरा शेलक्या शब्दांत ऐकवलं. अहलकाराचं बोलणं म्हणून त्यानं ऐकून घेतलं. तेवढ्यात लांबून घंटी ऐकू आली. मलप्पा उठला आणि घराकडे गेला.

परत आला तेव्हा खांद्यावर घोंगडं होतं. अप्पांची दुसरी फेरी चालू होती. मलप्पानं पाराच्या कडेला, अप्पांच्या वाटेवरच घोंगडं पसरलं, विरलेला काठ पाराकडे करून, आणि बाजूला उभा राहिला.

"व्याही," तो म्हणाला, "जंगमस्वामी बसतेत त्ये घोंगडं हाय. बापाचं. आन माती न्हाई ही."

अप्पा घोंगडं चुकवून पुढे गेले. एक फेरी गेली.  दुसऱ्या फेरीला अप्पांनी घोंगड्याकडे पाहिलं, मग आडाकडे पाहिलं, पण सायकल थांबली नाही. मला वाटलं, गेला हा माणूस कळंबला. लिंग हातात घेऊन बोललेला माणूस आणि त्यात आडत्या. 

तिसऱ्या फेरीला अप्पा अगदी हळू आले. घोंगड्याशी येताच उजवा पाय मागून फिरवला आणि दोन्ही पाय अलगद घोंगड्यावर टेकवून उभे राहिले. सायकल जराही कलली नाही.

सगळी पिंपळवाडी बघत राहिली. पोरं ओरडली, "अप्पांना उतरता येतंय की."  मलप्पानं पुढे होऊन हँडल धरलं. अप्पा मांडी घालून घोंगड्यावर बसले आणि विरलेल्या काठावरून हात फिरवायला लागले. गौरा घागर तिथंच टाकून आली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"अप्पा," ती म्हणाली, "जमलं की."

त्याच दिवशी गाडीनं गौरा कळंबला आली. अप्पांनी मातीला पाय लावला नाही. घोंगडं गाडीपर्यंत सरकवत नेलं, आणि ते सरकवायला मलप्पाच्या जोडीला मी होतो. गौराला मुलगी झाली. पाच महिने अप्पांच्या घरातून रडण्याचे, हसण्याचे आणि पाळण्याचे आवाज येत राहिले, आणि ते महिने पेठेत कुणी "धरा" ऐकलं नाही. गौराच ओट्यावर उभी असायची. मग मलप्पा स्वतः गाडी घेऊन आला आणि लेक-नात सासरी गेल्या.

दुसऱ्याच संध्याकाळी घंटी वाजली. "धरा हो, धरा."

आता मात्र मला राहवेना. अप्पांना खाली घेतलं आणि म्हणालो, "अप्पा, पुरे झालं. तुम्हाला उतरता येतं हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे."

"येतंय की," अप्पा म्हणाले.

"मग ओरडता कशाला?"

ते छत्री सोडवत होते. गाठ सुटत नव्हती, की सोडवायची नव्हती, कोण जाणे. "सोताचं सोता उतरलो तर काय हुतंय, दत्तोपंत? सायकल लावायची, कुलूप काढायचं आन आत जायचं." मग म्हणाले, "गौरा हुती तवर कुनीतरी छत्री घ्याया तरी यायचं."

 मला माझा राग आला. इतकी वर्षं ओट्याला ओटा लागून राहणारा माणूस मी, आणि घंटी ऐकली की घरात पळणारा.

पुढे निजामी गेली, तहसीलदार बदलले, अहलकाराचा मी नुसताच कारकून झालो. अप्पांचं ओरडणं तेवढं बदललं नाही. आमच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी घंटी वाजली तेव्हा शेजारचे सगळे नेहमीप्रमाणे आत गेले. मी धोतर वर खोचून ओट्यावर बसून होतो. अप्पा आले. मी हँडल धरलं, कमरेला धरलं, डावीकडून.

"जमतंय की," अप्पा म्हणाले.

"उतरायचं तेवढं राहिलंय," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातली छत्री घेतली.